काळी दोनवरून पांढरी दोनवर

पहिल्या तालमीत आमचं एकही गाणं शेवटपर्यंत गेलं नाही. पहिल्याच गाण्याच्या चौथ्या ओळीवर मेस्तांनी व्हायोलिनचा बो, म्हणजे गज, खाली घेतला, कागद चष्म्याजवळ नेला आणि विचारलं, "हे सहा फ्लॅट कोणी लिहिले?"

तंतुवादकांसोबत लाइव्ह अल्बम करायचा म्हणून गोव्यातल्या डिचोलीत आमच्या ड्रमरच्या घराच्या माडीवर आम्ही आठ जण दाटीवाटीनं बसलो होतो. चौघे बँडचे: गाणारा गिटारिस्ट, कीबोर्डवाला, ड्रमर आणि बास वाजवणारी मी. चौघे स्ट्रिंग्जचे: दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो. बँड मराठी गाणारा, स्ट्रिंग्जवाले दक्षिण गोव्यातल्या सासष्टीचे, त्यामुळे तालमीची भाषा कोंकणी. पहिलं व्हायोलिन वाजवणाऱ्यांना सगळे मेस्त म्हणतात. चर्चमध्ये गाणं आणि वाद्य शिकवणाऱ्याला तिकडे हाच शब्द आहे. दुसरं व्हायोलिन त्यांच्या शिष्येचं. वय १९. तालमीत सगळे तिला बाय म्हणूनच हाक मारायचे, मीही इथे तेच लिहिते.

फ्लॅट म्हणजे स्वर अर्ध्यानं उतरवायची खूण. सहा फ्लॅटचं कारण साधं होतं. आमच्या गायकाचा आवाज वर गेला की ताणला जातो, म्हणून गिटार पहिल्या दिवसापासून अर्धा स्वर उतरवून लावलेली. त्याचा हात ई मायनरवर पडतो आणि ऐकू येतो ई फ्लॅट मायनर. माझ्या बाबांच्या पेटीच्या हिशेबात काळी दोन. गिटारवाल्याला यात काहीच जाणवत नाही, कारण त्याची बोटं नेहमीच्याच जागी असतात. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा मात्र जी, डी, ए आणि ई. आमच्या पट्टीत त्यातली डी तेवढी अधूनमधून कामाची, बाकी तिन्ही बाहेरच्या.

मेस्त वाद घालत बसले नाहीत. त्यांनी आमचीच ओळ आधी काळी दोनवर वाजवली आणि मग अर्धा स्वर उतरून पांढरी दोनवर, डी मायनरमध्ये. दुसऱ्यांदा वाजवली तेव्हा शेजारच्या व्हियोलाची एक तार, जिला कोणी हातही लावला नव्हता, आपणहून थरथरायला लागली. मी जवळ बसले होते, मला ते डोळ्यांनी दिसलं. तार जरा धूसर झाली आणि सूर संपला तशी पुन्हा रेघेसारखी स्वच्छ झाली. डी मायनरमध्ये व्हायोलिनच्या चारही मोकळ्या तारा बसतात, व्हियोला आणि चेलोच्याही. एक सूर लागला की सगळी लाकडं बोलतात.

त्या संध्याकाळी नऊपैकी पाच गाण्यांच्या पट्ट्या बदलल्या. गिटारची सगळ्यात जाड तार डीवर आली आणि गायकाला सात वर्षांची सवय मोडावी लागली.

ही कल्पना माझ्या डोक्यात कॉलेजपासून होती. डेथ कॅब फॉर क्यूटी हा अमेरिकेतला इंडी बँड २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅजिक मॅजिक ऑर्केस्ट्राच्या वादकांना घेऊन दौऱ्यावर गेला होता. त्या दौऱ्याचं लाइव्ह रेकॉर्डिंग पुढे २०१४ मध्ये अल्बम म्हणून निघालं. मी ते हेडफोन लावून कितीदा ऐकलं असेल! स्टुडिओत स्ट्रिंग्ज घालणं वेगळं. तिथे बँड आधी वाजवून घरी जातो, महिन्याभरानं व्हायोलिनवाले येतात आणि तयार गाण्यावर साय पसरावी तसे सूर पसरून जातात. इथे मात्र सगळे एका वेळी एका मंचावर होते, एकमेकांचं ऐकत होते, आणि ते ऐकणं रेकॉर्डिंगमध्ये उतरलं होतं. मला तेच हवं होतं.

गोव्यात व्हायोलिनवाला शोधायला दूर जावं लागत नाही. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फेज, म्हणजे नोटेशन वाचून गाणं, आणि व्हायोलिन शिकवायचे. तिथे शिकलेली माणसं पुढे मुंबईला गेली आणि हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रे त्यांनी भरले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालजींचे गुरू. सबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांचे वाद्यमेळ लिहिले. त्या ऑर्केस्ट्रांत बसणाऱ्या बहुतेकांची नावं मात्र रेकॉर्डवर कधी आली नाहीत. मेस्तांच्या मामांनी मुंबईत अशीच वर्षानुवर्षं वाजवली. घरी रेडिओ लागला की ते बोट वर करायचे: "हा मी." दुसरा पुरावा त्यांच्याकडे नव्हता. ही गोष्ट मेस्तांनी चहा पिताना सहज सांगितली, पण आम्ही त्याच दिवशी ठरवलं की कव्हरवर आठही नावं एकाच आकाराच्या अक्षरांत जातील आणि जे काही पैसे येतील त्याचे आठ सारखे वाटे होतील.

व्हियोलावाला मात्र मिळता मिळेना. जो मिळाला तो मूळचा व्हायोलिनचा, उसना व्हियोला घेऊन आलेला, आणि व्हियोलाचं नोटेशन ज्या अल्टो क्लेफमध्ये लिहितात ती वाचायला त्यानं दोन आठवडे मागून घेतले. ते त्यानं खरोखर सत्कारणी लावले.

नोटेशन आमच्या कीबोर्डवाल्यानं म्युझस्कोअरवर लिहिलं होतं. संगणकावर ते सुरेख वाजायचं, आणि तीच अडचण होती. संगणकातलं व्हायोलिन सोळा मात्रांचा सूर विनातक्रार धरून ठेवतं. साठच्या लयीत सोळा मात्रा म्हणजे सोळा सेकंद. खऱ्या वादकाचा बो तोवर टोकाला पोचतो, आणि न संपवायचा तर इतका हळू ओढावा लागतो की सूर कुजबुजीवर येतो. मेस्तांनी चारही जणांचे कागद जमिनीवर पसरले, गुडघ्यांवर बसले आणि शिसपेन्सिलीनं एकेका सुरावर खुणा करत गेले. बो कुठे खाली ओढायचा, कुठे वर ढकलायचा, कुठे एकानं बो बदलताना दुसऱ्यानं सूर धरून ठेवायचा. त्यांच्या खुणा घरासारख्या आणि इंग्रजी व्हीसारख्या दिसतात: घर म्हणजे खाली, व्ही म्हणजे वर. अडीच तास गेले. आमचा कीबोर्डवाला शेजारी बसून प्रत्येक खूण आपल्या वहीत उतरवत होता. पुढची तीन गाणी त्यानं लिहिली ती व्हायोलिन हातात धरता येतं तेवढं शिकून.

माझं शिकणं चेलोशी झालं. ते मी जरा सविस्तर सांगते, कारण या सगळ्या खटाटोपातलं मला सगळ्यात जवळचं तेच आहे.

बास गिटारची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते, चेलोची ६५ वर. म्हणजे मी खाली आणि तो वर, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात माझा निम्मा वेळ ६५ च्या वर जातो आणि चेलोची सगळी ऊब नेमकी तिथेच आहे. पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं वाजवायला लागलो की खाली नुसता चिखल व्हायचा. मी आवाज कमी केला. चिखल तसाच, फक्त मंद. चेलोवाला मडगावचा मुलगा, मोजकं बोलणारा. तो एका ब्रेकमध्ये माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "तू सूर सुरू करतेस ते छान, पण सोडत नाहीस."

मी घरी जाऊन माझी रेकॉर्डिंग ऐकली. खरंच सोडत नव्हते. बास वाजवणाऱ्याची ती सवयच असते: पुढचा सूर येईपर्यंत मागचा धरून ठेवायचा, म्हणजे गाण्याचा तळ कुठे फुटत नाही. सात वर्षं मी असा तळ धरून बसले होते. आता चेलो तळ धरायला आला होता आणि माझं बोट तारेवरून उठत नव्हतं. तारा ज्यावर टेकतात त्या पुलाजवळ मी तारांखाली फोमची पट्टी सरकवली, म्हणजे सूर लवकर विझतो, आणि पाच गाण्यांतले माझे निम्मे सूर खोडले. एका कडव्यात मी चक्क वाजवतच नाही. त्या कडव्यात पहिल्यांदा गप्प उभी राहिले तेव्हा हात कुठे ठेवावेत ते कळेना. चेलोचा पहिला सूर पायाखालच्या फळ्यांतून वर आला तेव्हा कळलं की हे मला इतकी वर्षं ऐकूच आलं नव्हतं, कारण त्या जागेत मी होते.

ड्रमरची वाट याहून कठीण होती. काड्यांऐवजी त्यानं बारीक काड्यांची जुडी बांधलेले रॉड्स घेतले, झांजांवर कापडी टेप चिकटवली. एका गाण्यात तर ड्रम सोडून घुमट, म्हणजे मडक्याला कातडं लावलेलं वाद्य, घेतलं. घुमटाची सूचना मेस्तांची. मांडो या गोव्यातल्या जुन्या गाण्याला व्हायोलिन आणि घुमट हीच तर जुनी जोडी. गोवा सरकारनं २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, आता त्याला बंदी आहे, बकरीचं लावतात. आमचा ड्रमर लहानपणापासून चतुर्थीच्या घुमट आरतीत वाजवणारा, पण बँडमध्ये घुमट आणायचं त्याला कधी सुचलं नव्हतं. आम्हालाही नाही.

जागेचा प्रश्न उरला होता. मी शाळेत असताना व्हायोलिनांचा ताफा पहिल्यांदा ऐकला तो पणजीच्या कला अकादमीत, दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात. बाजूच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी रंगवलेले प्रेक्षक सज्जांतून वाकून बघतायत, आणि मी खरे प्रेक्षक सोडून त्यांच्याकडेच बघत होते. पण तसं मोठं सभागृह आम्हाला भरणारं नव्हतं आणि परवडणारंही. शेवटी ड्रमरच्या मावशीचं घर मिळालं. म्हार्दोळच्या पुढे, मागे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, मधोमध राजांगण, चारही बाजूंनी लाकडी छताची ओसरी. राजांगणात मधे तुळस, वर मोकळं आकाश. मावशी म्हणाल्या, "या चौकात पूर्वी नाटकाच्या तालमी व्हायच्या. तुमचंही होऊ द्या, पण चपला बाहेर." दोन्ही दिवस ड्रमर अनवाणी वाजला.

मी चौकाच्या प्रत्येक कोपऱ्यात उभी राहून टाळ्या वाजवून पाहिल्या. तुळशीजवळची टाळी वर निघून जायची. ओसरीतली टाळी लाकडी छताला लागून लगेच, गोल होऊन परत यायची. क्वार्टेट, म्हणजे स्ट्रिंग्जचे चौघे, ओसरीत बसवायचं तिथेच ठरलं. ड्रम समोरच्या ओसरीत, शक्य तितके लांब, म्हणजे व्हायोलिनच्या माइकांत ड्रम कमी शिरतील. पण लांब नेले तर वेगळाच घोळ. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर चालतो. नऊ मीटरवरचा ड्रम २६ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि तेवढ्यानं व्हायोलिन मागे ओढलं जातं. मेस्त कानात इयरफोन घालायला तयार नव्हते. "मी चौघांचा श्वास ऐकून वाजवतो," ते म्हणाले, "कानात ड्रम घातला तर श्वास कसा ऐकू?" शेवटी ड्रम पाच मीटरवर आणले, समोर जाड गोधड्या टांगल्या, आणि चार गाण्यांतून क्लिकही काढून टाकली. क्लिक म्हणजे कानात वाजणारी मात्रा; ती असली की सगळ्यांची लय केसभर हलत नाही. ती काढल्यावर लय आठ माणसांच्या हातात आली.

माइक लावणं माझ्याकडे आणि माझ्या एका मित्राकडे होतं. प्रत्येक वाद्याच्या पुलाजवळ छोटा क्लिपचा माइक, चौघांच्या डोक्यावर दोन, चौकासाठी चार. बीटल्सनी १९६६ मध्ये एका गाण्यासाठी आठ तंतुवादक बोलावले होते, तेव्हा इंजिनिअर जेफ एमेरिकनं माइक तारांच्या इतके जवळ नेले की वादक खुर्च्या मागे सरकवत राहिले, अशी हकिगत आहे. व्हियोलावाल्यानंही तेच केलं. इतक्या जवळ माइक असला की बोच्या केसांची राळ तारेवर खरवडते तेही ऐकू येतं आणि वादकाला उघडं पडल्यासारखं वाटतं.

आदल्या दिवशी दुपारी व्हियोलातून घर्रर्र आवाज यायला लागला. गाडीत उन्हात राहिल्यानं खालच्या बाजूची सांध सुटली होती. ही वाद्यं सरसानं चिकटवतात, उष्णतेनं आणि दमटपणानं सरस ढिला पडतो. ते मुद्दामच तसं असतं. सांध सुटते म्हणून लाकूड तडकत नाही. मेस्तांनी वाद्य मांडीवर घेऊन कडेनं बोटाच्या पेरानं टकटक करत सुटलेली जागा शोधली, सुताराकडच्या दोन शिकंज्या मागवल्या, मधे कापडाच्या घड्या घातल्या आणि रात्रभर ते माजघरात ठेवलं. सकाळी घर्र गेली होती.

जानेवारीतला शनिवार आणि रविवार. दोन्ही दिवस तीच नऊ गाणी, म्हणजे चांगलं ते निवडता येईल. उघड्यावर स्पीकर लावायचा तर २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहाला बंद, म्हणून पावणेसातला सुरुवात. पंचायतीचा आणि पोलिसांचा परवाना काढला, शेजारच्या नऊ घरांत स्वतः जाऊन सांगून आलो. माणसं १२०, ओसरीच्या पायऱ्यांवर आणि चटयांवर. मी साउंड चेकलाच रेकॉर्डिंग चालू केलं होतं. साडेपाचच्या सुमाराला मेस्त एकटे सूर लावत होते आणि बाहेरून पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा आला, सायकलवरचा, पोंय पोंय. मेस्तांनी न थांबता त्या सुराला आपला सूर लावून पाहिला. अल्बम तिथून सुरू होतो.

शनिवारच्या पहिल्या सहा गाण्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, चांगली झाली. दंव पडायला लागलं तसं दर गाण्यानंतर सगळ्यांना सूर लावावा लागला, कागदांना लावलेले कपड्यांचे चिमटे ओले झाले. सातवं गाणं तेच, काळी दोनवरून उतरवलेलं. शेवटच्या कडव्याआधी चार बार, म्हणजे मात्रांचे चार सारखे गट, नुसती गिटार आणि बास, मग बायचं व्हायोलिन एकटं आत येतं आणि दोन बारांनी बाकीचे तिघे. त्या गाण्याला क्लिक नव्हती. ड्रमर चौथ्या बारच्या शेवटी एक छोटा तुकडा वाजवतो, तीच बायची खूण. त्या रात्री तो तुकडा त्यानं तिसऱ्या बारमध्येच वाजवला.

बाय एक बार आधी आली. मी आणि गिटार अजून एच्या कॉर्डवर होतो, ती डी मायनरमध्ये. त्यातला सी शार्प आणि तिचा डी एकमेकांना घासले. मी मान वर केली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण बो थांबला नव्हता. मेस्तांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी फक्त नाकानं श्वास घेतला, मोठा, मला पाच मीटरवर ऐकू येईल इतका, आणि दोन बार न थांबता तिथेच तिच्या सुरात सूर घातला. व्हियोला आणि चेलो त्याच श्वासावर आले. मी मेस्तांच्या बोकडे बघत डीवर उतरले, गिटार माझ्यामागे एका मात्रेनं. गायकाचा शब्द अजून सुरू व्हायचा होता. त्यानं नुसता आकार लावला आणि आम्ही सगळे एका जागी येईपर्यंत धरून ठेवला.

बाबा लहानपणी मला बालगंधर्वांच्या रेकॉर्डी ऐकवायचे. तबल्याला थिरकवा, सारंगीला कादरबक्ष. ते म्हणायचे, गाणाऱ्याचा श्वास जिथे तुटतो तिथे सारंगी सूर कसा धरते तेवढंच ऐक. त्या रात्री उलटं झालं. तारा अडखळल्या आणि गाणाऱ्यानं सूर धरला. त्यापुढचं कडवं आम्ही जसं वाजवलं तसं आधी कधी वाजवलं नव्हतं, नंतरही नाही. आठही जण एकमेकांकडे बघत होते. कुणाच्या समोर कागद आहे याची आठवण कुणाला नव्हती. टाळ्यांच्या आधी तीनेक सेकंद कुळागरातले रातकिडे तेवढे ऐकू येतात.

कार्यक्रम संपल्यावर ड्रमर सगळ्यांसमोर म्हणाला, चूक माझी होती, तुकडा मी आधी वाजवला. बायनं ऐकून घेतलं, पण मान हलवली. रविवारी तेच गाणं तिनं बिनचूक वाजवलं. सगळ्यांनीच बिनचूक वाजवलं.

मिक्सिंग मी घरी केलं, अडीच महिने, नोकरी सांभाळून रात्री. रातकिड्यांनी पहिला महिना खाल्ला. त्यांचा आवाज साधारण ४ ते ५ किलोहर्ट्झला बसतो आणि व्हायोलिनची धारही तिथेच. ते कापावेत तर व्हायोलिन लोकरीत गुंडाळल्यासारखं होतं. मी रातकिडे ठेवले. दुसऱ्या महिन्यात बायचा फोन आला. अल्बममध्ये शनिवारचं सातवं गाणं घेताय असं तिला कळलं होतं. ती म्हणाली, "माझं नाव पहिल्यांदा कशावर तरी छापून येणार आहे. त्यात ते नको."

मी तिला दुरुस्त करून देते म्हणाले आणि खरंच प्रयत्न केला. तिच्या माइकचा तो एक बार बंद केला. पण तिचं व्हायोलिन मेस्तांच्या माइकात होतं, डोक्यावरच्या दोन्हींत होतं, गायकाच्या माइकात होतं, चौकातल्या चारांत होतं. आठ माणसं एका चौकात एकमेकांचं ऐकत वाजवतात तेव्हा प्रत्येकजण प्रत्येकाच्या माइकात असतो. मग रविवारचा तेवढा तुकडा आणून जोडायला गेले. क्लिक नव्हती, रविवारचं गाणं शनिवारपेक्षा अकरा सेकंद मोठं होतं. जोड बसेना. दोनच वाटा होत्या, हे अख्खं किंवा ते अख्खं.

बँडमधल्या तिघांचं मत शनिवारचं. माझंही. मी दोन्ही तयार करून तिला पाठवली आणि लिहिलं की आम्हाला काय वाटतं ते हे आहे, पण निवड तुझी. हे लिहिताना मी स्वतःला फार समजावलं. गाणं सगळ्यांचं असतं हे खरं. पण कव्हरवर नाव सारख्या अक्षरांत छापायचं ठरवलं असेल तर ते नाव कशाखाली येणार हे तिला ठरवता आलं पाहिजे, असं मला वाटलं आणि आजही वाटतं. मेस्तांना विचारलं तर ते म्हणाले, "तिला विचार." चार दिवसांनी तिचा एका ओळीचा निरोप आला: रविवारचं.

अल्बमवर रविवारचं आहे. चांगलं आहे, लोकांना ते आवडतंही. मी ते ऐकताना चौथ्या बारशी दरवेळी थोडी सावध होते.

मे महिन्यात मेस्तांनी त्यांच्या वाड्यावरच्या खुरसाच्या (क्रुसाच्या) लदिनीला, म्हणजे गाऊन म्हणायच्या प्रार्थनेला, बोलावलं. मी आणि चेलोवाला गेलो. पांढऱ्या खुरसाला झेंडूच्या माळा, समोर मेणबत्त्या, पंचवीस-तीस माणसं उभी. मेस्त आणि बाय खुरसाच्या एका बाजूला, हातात व्हायोलिन, समोर कागद नाही, माइक नाही. लोक दोन आवाजांत गात होते आणि व्हायोलिनं त्या दोन आवाजांना धरून चालली होती. मधे एका म्हातारीनं ओळ लवकर उचलली. मेस्तांचा तो श्वास मला पुन्हा ऐकू आला. बायचा बो तोवर म्हातारीजवळ पोचलासुद्धा होता.

लदीन संपल्यावर उकडलेले चणे आले, कागदाच्या पुड्यांतून. बाय माझ्याशेजारी भिंतीवर येऊन बसली. व्हायोलिनची पेटी मांडीवर, त्यावर चण्यांची पुडी. बराच वेळ आम्ही चणेच खात होतो.

मग ती म्हणाली, "ते शनिवारचं अजून आहे तुझ्याकडे?"

"आहे."

"मला पाठव. माझ्यापुरतं."